जुन्या ट्रकचा अडकलेला डिझेल फिल्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर गोव्यातल्या उसगावात. बाबांचा सहा चाकी टिपर आधी खनिज ओढायचा, आता चिरे आणि खडी ओढतो. त्याच गाडीखाली पडून मी हे काम शिकलो आणि आज तिस्क, फोंडा, सांखळी, डिचोली या पट्ट्यातल्या जुन्या गाड्या माझ्याकडे येतात. डिझेल फिल्टर बदलणं तसं अर्ध्या तासाचं काम. पण तो अडकला की दिवस जातो, हात सोलतात आणि शंभरातल्या नव्वद वेळा नुकसान फिल्टरचं न होता तो ज्यावर बसतो त्या हेडचं होतं. फोनवर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर देतो.

हे सगळं यांत्रिक डिझेल पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणाऱ्या नव्या गाड्यांची पद्धत वेगळी असते, त्यांना यातलं काही लावू नका.

बसवताना तर हातानेच फिरवून बसवला होता. मग आता पाना लावूनही का हलत नाही?

कारणं दोन. पहिलं कारण बसवणाऱ्याचं. नव्या फिल्टरच्या रबराला डिझेलचा किंवा तेलाचा हात न लावता तो कोरडाच चढवला की रबर हेडच्या धातूला धरून बसतं. वर्षभर इंजिनाची धग खाल्ली की ते चिकटवल्यासारखं होतं. त्यातून बसवणाऱ्याने "गळायला नको" म्हणून शेवटी पाना लावून एक आवळा दिला असेल, तर पुढच्याची शिक्षा ठरलेलीच.

दुसरं कारण आपल्या हवेचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कुठलीच वस्तू कोरडी राहत नाही. खाणीच्या आणि चिरेखाणीच्या रस्त्यावरची लाल माती फिल्टरच्या वरच्या कडेला, डबा आणि हेड यांच्या फटीत जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. डबा लोखंडी पत्र्याचा, हेड बहुतेक ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना लागून राहिले की त्यांच्यात गंज आणि पांढरी भुकटी धरतेच.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या भागातले टिपर अंगणात, रस्त्याच्या कडेला, काजूच्या झाडाखाली उभे राहिले. मधे काही काळ काम सुरू झालं आणि २०१८ च्या मार्चात पुन्हा थांबलं. काही गाड्या तर दोन-तीन पावसाळे जागच्या हलल्या नाहीत. त्या पुन्हा चालू करताना मला जितके अडकलेले फिल्टर भेटले, तितके चालत्या गाडीत कधी भेटले नाहीत. उभ्या गाडीचा फिल्टर लवकर खराब होतो, हे तेव्हा पक्कं कळलं.

फिल्टरच भरलाय हे कसं ओळखायचं?

रिकामी गाडी सपाट रस्त्यावर ठीक पळते, पण माल भरून चढावर घेतली की ओढत नाही, हे त्याचं मुख्य लक्षण. पायथ्याच्या मोलेपर्यंत काही वाटत नाही आणि बेळगावकडे चढणाऱ्या अनमोड घाटाच्या पहिल्या चढावर गाडी दम टाकते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन वर जात नाही, कधी कधी आचके देतं.

धुराकडे नक्की बघा. डिझेल कमी पोचत असेल तर गाडी काळा धूर ओकत नाही. ताकद नाही आणि वर काळा धूरही आहे, तर एअर क्लीनर, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) किंवा पंपाकडे वळा.

फिल्टर उघडण्याआधी दोन गोष्टी तपासा, त्यांना पैसे लागत नाहीत. टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा "सुस्स" आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलंय. दुसरी गोष्ट टाकीतल्या नळीच्या तोंडाची जाळी. उभ्या राहिलेल्या गाडीत ही जाळी गाळाने भरलेली असते. मग वरचा फिल्टर कितीही नवा घाला, फरक पडत नाही.

काम सुरू करण्याआधी काय तयारी ठेवायची?

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून. केबिन उचलावी लागत असेल तर तिची अडकण खरोखर बसली आहे का, हे हाताने हलवून बघा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या खाली किंवा जवळच सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) असतो आणि सांडलेलं डिझेल त्याच्यावरच जातं. विडी-सिगरेट लांब.

खाली पसरट भांडं, स्वच्छ फडकी, नवीन फिल्टर आणि त्याचं रबर, तांब्याचे नवीन वॉशर, काचपेपर आणि डोळ्यांना चष्मा. चष्म्याचं मी मुद्दाम सांगतो. फिल्टर खालून सोडवताना तोंड बरोबर त्याच्या खाली असतं आणि डिझेलसोबत गंजाचा चुरा डोळ्यांत पडतो. धुऊनही तो खुपत राहतो.

टाकी काठोकाठ भरलेली असेल तर नळीतून डिझेल आपोआप वाहत राहू शकतं. टाकीला कॉक असेल तर बंद करा.

मग हेडचा सगळा भाग ब्रशने आणि डिझेलने धुऊन घ्या. ही पायरी लोक हटकून गाळतात. वरची लाल माती तशीच ठेवून फिल्टर सोडला तर ती सरळ उघड्या भोकात पडते. फिल्टरच्या पुढचं डिझेल थेट पंपात जातं आणि त्या पंपाच्या आतल्या भागांमधली जागा केसापेक्षाही कितीतरी बारीक असते. मातीच्या एका कणाने तिथे काय होईल ते वेगळं सांगायला नको.

नेमका कोणत्या बाजूला फिरवायचा? दरवेळी गोंधळ होतो.

हा प्रश्न विचारायला कुणीही लाजू नये. अडकलेल्या म्हणून माझ्याकडे आलेल्या फिल्टरांपैकी कित्येक आणणाऱ्याने स्वतःच उलट फिरवून आणखी घट्ट केलेले होते.

फिल्टर हेडखाली लोंबतो, त्याचं तोंड वर आणि बूड खाली. खालून बुडाकडे बघितलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. पण आपण बऱ्याचदा मडगार्डवर ओणवं होऊन वरून हात घालतो. वरून बघताना तीच सुटण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांसारखी दिसते. डोकं मात्र सवयीने "उलटा फिरव" म्हणतं आणि आपण सगळी ताकद लावून तो आवळत बसतो.

मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी बाबांना गाडी हवी होती आणि मी बोनेटवरून ओणवा होऊन चेन पाना लावून घाम गाळत होतो. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "अरे, तू सोडवतोयस की घट्ट करतोयस?" तोवर डब्याला चेनचे खोल चट्टे पडले होते आणि रबर चेपून बाहेर आलं होतं. त्या दिवशी त्यांनी दाखवलेली खूण मी आजही प्रत्येक पोराला शिकवतो.

उजव्या हाताची मूठ अर्धवट वळवा आणि अंगठा बाहेर काढा. वस्तू सुटून ज्या बाजूला येणार त्या बाजूला अंगठा करा. फिल्टर खाली येणार, म्हणून अंगठा जमिनीकडे. आता बोटं ज्या दिशेने वळलेली दिसतात, त्याच दिशेने फिल्टर फिरवायचा. तुम्ही वरून बघा, खालून बघा, आडवे पडून बघा, खूण बदलत नाही. वरून बसवलेला बोल्ट सोडवायचा असेल तर तो वर येणार, म्हणून अंगठा आभाळाकडे.

पट्टा पाना लावला तर डब्यावरून घसरतो. काय करू?

डबा डिझेलने आणि मातीने बुळबुळीत आहे म्हणून घसरतो. आधी तो कोरडा पुसा, शक्य असेल तर थोड्या साबणाच्या पाण्याने धुऊन परत पुसा. मग काचपेपरची पट्टी डब्याभोवती गुंडाळा, खरखरीत बाजू डब्याकडे ठेवा आणि तिच्यावर पट्टा आवळा. काचपेपर नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही चालतो.

पट्टा डब्याच्या मधोमध लावू नका. तिथला पत्रा पातळ असतो, तो चेपतो आणि चेपला की पकड कायमची जाते. हेडच्या जितकं जवळ लावता येईल तितकं वर लावा. तिथे आत जाड चकती असते, म्हणून डबा आकार धरून राहतो. चेन पान्यालाही हेच लागू आहे.

इंजिन आठ-दहा मिनिटं चालवून बंद करा आणि थोडं कोमट असतानाच प्रयत्न करा. गार पडलेलं रबर कडक असतं, कोमट रबर सोडतं. हात भाजेल इतकं गरम मात्र नको.

फटीत गंज सोडवणारं तेल मारा आणि थांबा. पाच मिनिटं नव्हे, रात्रभर. संध्याकाळी मारा, जेवणानंतर एकदा पुन्हा मारा आणि सकाळी पाना लावा. एकदम हिसका देऊ नका. पाना ताणून धरा आणि दाब हळूहळू वाढवत न्या. सुटताना एक बारीक "कच्च" आवाज येतो, हातालाही तो कळतो. तो आला की तिथेच थांबा, पाना काढा आणि उरलेलं हाताने करा.

डब्यात स्क्रू-ड्रायव्हर ठोकून आरपार घालायचा आणि फिरवायचं, असं सगळे करतात. चालेल का?

अगदी शेवटचा उपाय म्हणून. डबा तसाही टाकायचाच असतो हे खरं, पण पत्रा पातळ असतो. फिल्टर खरंच जाम असेल तर तो फिरत नाही, स्क्रू-ड्रायव्हर पत्रा फाडत जातो. मग हातात फाटका डबा येतो आणि वरची चकती हेडला चिकटलेली राहते. गाडी आता हलूही शकत नाही. आधी निदान गॅरेजपर्यंत तरी गेली असती.

करायचंच असेल तर नवीन फिल्टर हातात आल्याशिवाय करू नका आणि भोक वरच्या चकतीच्या जरा खाली पाडा. खाली भांडं ठेवा, आतलं सगळं डिझेल बाहेर येतं. फाटलेल्या पत्र्याची धार सुरीसारखी असते. माझ्या डाव्या तळहातावर अंगठ्याखाली तिचा व्रण आजही आहे.

झालं तसंच. डबा फाटून निघाला आणि चकती वरच राहिली. आता?

घाबरू नका, अजून हेड शाबूत आहे आणि ते शाबूत ठेवणं एवढंच आता आपलं काम.

डब्याचा उरलेला पत्रा आणि आतला कागद काढून टाका. समोर एक गोल चकती दिसेल, मधे मोठं आट्यांचं भोक आणि त्याच्याभोवती लहान भोकं. या लहान भोकांत दोन मजबूत बोल्ट किंवा सळीचे तुकडे अडकवून त्यांच्यामधे टॉमी (लोखंडी दांडी) घालून फिरवता येतं. हेडला धक्का न देणारा हा सगळ्यात सुरक्षित मार्ग.

ते जमलं नाही तर चकतीच्या कडेला बोथट छिन्नी तिरकी लावा आणि सुटण्याच्या दिशेने हलके ठोके द्या. एकाच जागी ठोकत बसू नका, समोरासमोरच्या दोन-तीन जागा घ्या. छिन्नीचं टोक हेडच्या सपाट भागाकडे वळलं की थांबा. रबर बसतं त्या जागेवर नखाएवढा खड्डा पडला तरी नवीन फिल्टर तिथून हवा ओढत राहील आणि तो दोष शोधता शोधता तुमचा आठवडा जाईल.

गॅसने थोडं गरम केलं तर?

नाही. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून लोक धीट होतात. पण आपल्याकडच्या डिझेलची वाफ पेट घेण्याची किमान मर्यादा सरकारी मानकात ३५ अंश सेल्सिअस ठरवलेली आहे आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हात उभ्या गाडीचं बोनेट त्याहून गरम असतं. पाहिजेच असेल तर उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं पिळून हेडभोवती गुंडाळा.

इतकं करूनही हलत नसेल तर?

मग सगळं हेडच गाडीवरून उतरवा. माझ्या अनुभवात हा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात चांगला उपाय आहे. हेड ब्रॅकेटला साधारण दोन बोल्टवर धरलेलं असतं आणि त्याला येणाऱ्या-जाणाऱ्या नळ्या असतात. कुठली नळी कुठे ते आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नळ्या सोडवा, तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा, दोन बोल्ट काढा आणि फिल्टरसकट हेड बाकावर न्या.

बाकावरच्या शिकंजात हेड धरताना दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे ठेवा. पकडायचं ते हेडच्या जाड भागाला. आता दोन्ही हात मोकळे, दिशा डोळ्यांसमोर, पान्याला पुरेशी जागा. गाडीत अडून बसलेला फिल्टर बाकावर दोन मिनिटांत सुटलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. गाडीखाली तो जितका जाम वाटतो तितका प्रत्यक्षात नसतो. आपल्याला तिथे नीट पकडता येत नाही, अडचण तिथेच असते. नळ्या जोडताना बॅन्जो बोल्टचे (नळी हेडला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवीनच घाला.

आमच्या गाडीला असा डबा नाही. दोन वाट्या आहेत आणि मधून बोल्ट. ते कसं?

ही जुनी पद्धत, आत कागदी किंवा कापडी फिल्टर बदलायचा. टाटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना अशी जोडी असते. पहिल्या वाटीत जाड गाळ अडतो, दुसऱ्या वाटीत बारीक. आतले फिल्टर वेगळे असतात, त्यांची अदलाबदल करू नका. उतरवतानाच पहिल्या वाटीवर खडूने खूण करा.

इथे अडकतो तो मधला बोल्ट. त्याचं डोकं झिजवू नका. उघड्या पान्याऐवजी बरोबर मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट घ्या. आधी डोक्यावर लाकूड ठेवून हातोडीने दोन हलके ठोके द्या, त्याने आट्यांतला गंज मोकळा होतो. सुटत नसेल तर तेल मारा आणि पुन्हा रात्रभर थांबा.

बोल्ट निघाला तरी वाटी हेडला चिकटून राहते. रबरी हातोडीने किंवा मुठीने बाजूने थोपटा. स्क्रू-ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका. वाटीच्या तळाशी तपकिरी चिखलासारखा थर असेल तर तो पुसून काढा, वाटी डिझेलने धुवा आणि तळातली स्प्रिंग व तिची चकती जशी होती तशीच परत ठेवा. ती स्प्रिंग फिल्टर वर दाबून धरते. ती बाकावरच विसरली तर डिझेल न गाळता कडेने निघून जातं आणि गाडी इतकी छान चालते की काही चुकलंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

नवीन फिल्टर बसवताना काय जपायचं?

जुनं रबर. फिल्टर खाली आला की आधी त्याच्या तोंडाकडे बघा. रबर तिथे आहे का? नसेल तर ते वर हेडलाच चिकटलेलं आहे. काळ्या बांगडीसारखं ते हेडच्या रंगात आणि चिकट्यात इतकं मिसळून जातं की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बोट फिरवा. हेडवर नुसता धातू लागला पाहिजे. जुन्या रबरावर नवीन रबर बसलं तर फिल्टर बसल्यासारखा वाटतो आणि पुढच्या चढावर हवा ओढायला लागतो.

हेड स्वच्छ फडक्याने पुसा, आटे बघा. नव्या रबराला स्वच्छ डिझेलचा किंवा इंजिन ऑइलचा हात फिरवा. फिल्टर हाताने चढवा, रबर हेडला टेकलं की तिथून अर्धा ते पाऊण फेरा आणखी, तोही हातानेच. डब्यावर आकडा छापलेला असेल तर तो पाळा. पाना लावू नका. या एका सवयीने पुढच्या वेळचं अडकणं निम्मं टळतं. मग काळ्या मार्करने डब्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा.

फिल्टर डिझेलने भरून चढवायचा की रिकामा?

हातपंप (डिझेल हाताने ढकलायचा गाडीवरचा छोटा पंप) चांगला असेल तर रिकामाच चढवा आणि पंपाने भरा. तसं आत जाणारं सगळं डिझेल गाळूनच पुढे जातं. हातपंप अशक्त असेल आणि भरावंच लागलं, तर कडेच्या लहान भोकांतून भरा, मधल्या मोठ्या भोकातून कधीच नको. मधलं भोक गाळलेल्या डिझेलच्या बाजूचं आहे. तिथे ओतलेलं डिझेल जसंच्या तसं पंपात जातं, कॅनमधल्या कचऱ्यासकट.

फिल्टर बदलला, आता गाडीच सुरू होत नाही. एअर कशी काढायची?

फिल्टर उघडला म्हणजे एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा, शिरणारच. ती काढल्याशिवाय सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाईल आणि सेल्फही जळेल. सर्वात आधी इंजिन बंद करायची वायर ओढलेली राहिली नाही ना, ते बघा. मी याच एका कारणासाठी तिस्कहून धारबांदोड्यापर्यंत गेलो आहे.

फिल्टरच्या हेडवर एअरचा छोटा स्क्रू असतो. तो एक-दोन फेरे सैल करा आणि हातपंप मारायला लागा. काही पंपांची घुंडी आधी फिरवून मोकळी करावी लागते. काही पंपांना बाजूला दांडी किंवा बटण असतं. ते मारून दाब लागत नसेल तर आतला कॅम (पंपाला ढकलणारा फिरता उंचवटा) आडवा आलेला असतो. अशा वेळी इंजिन थोडं फिरवून घ्या आणि पुन्हा मारा.

सुरुवातीला स्क्रूच्या भोवती फेस येतो, मग मोठे बुडबुडे, मग डिझेलमधे मधूनच एखादा बुडबुडा. अखंड, स्वच्छ धार येईपर्यंत थांबू नका. धार चालू असताना, पंप मारता मारताच स्क्रू आवळा. पंप थांबवून आवळला तर थोडी हवा परत आत जाते. हे काम दोघांचं आहे, एकाने पंप मारायचा आणि दुसऱ्याने पाना धरायचा.

नंतर डिझेल पंपावरच्या एअर स्क्रूवर हेच करा. मग सेल्फ मारा, एका वेळी पंधरा सेकंदांच्या वर नाही, मधे दोन मिनिटं विश्रांती. तरी सुरू झाली नाही तर एका-दोन नोझलच्या नळ्यांचे नट नोझलकडून अर्धा फेरा सैल करा, सेल्फ मारा, डिझेल पाझरायला लागलं की नट आवळा. या नळ्यांतल्या धारेसमोर हात किंवा बोट अजिबात धरू नका. तो दाब कातडी भेदून डिझेल आत घुसवतो. जखम टाचणीएवढी दिसते पण आतून हात नासतो. असं झालं तर घरी मलम लावून न थांबता लगेच इस्पितळात जा.

एअर क्लीनरमधे पेट्रोल किंवा स्प्रे मारून सुरू करायचा प्रयत्न नको. एअर पंपात असते, स्प्रेने ती निघत नाही.

सुरू होते, दोन मिनिटं चालते आणि बंद पडते. सकाळी तर पुन्हा हातपंप मारावा लागतो.

कुठून तरी हवा ओढली जातेय. टाकीपासून पंपापर्यंतच्या बाजूला ओढ असते, त्यामुळे तिथे सांधा सैल असला तरी डिझेल बाहेर गळेलच असं नाही. "गळत नाही म्हणजे ठीक आहे" हा हिशोब इथे चालत नाही. फिल्टरचं रबर, बॅन्जोचे वॉशर, एअर स्क्रू आणि रबरी नळीच्या चिरा या क्रमाने बघा. हातपंपाची घुंडी परत आवळून बसवली आहे का, हेही बघा.

पावसाळ्यात फिल्टरमधे इतकं पाणी कुठून येतं?

बरंचसं टाकीतच तयार होतं. अर्धी रिकामी टाकी म्हणजे अर्धी दमट हवा. रात्री पत्रा गार पडतो, आत दव धरतं, ते तळाशी उतरतं. रोज थोडं थोडं. म्हणून पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरून गाडी लावा. उभ्या ठेवायच्या गाडीची तर काठोकाठ भरा.

पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते रात्रभरात खाली बसतं. ते काढायची वेळ सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी. फिल्टरच्या बुडाचा ड्रेन (पाणी सोडायचं तोंड) उघडा आणि पहिलं अर्धा ग्लास डिझेल काचेच्या पांढऱ्या बाटलीत घ्या. बाटली पंधरा मिनिटं उभी ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो आणि दोघांच्या मधली रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेवर काळं, शेवाळासारखं तरंगताना दिसलं आणि वास आंबूस असला, तर टाकीत जिवाणू वाढलेत. मग फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते.

ड्रेनचा प्लास्टिकचा कान जुन्या गाड्यांत ठिसूळ असतो. तो पाना लावून फिरवू नका, तुटला तर डिझेल थांबवायला काहीच उरत नाही.

आताच्या डिझेलमुळे जुन्या गाडीची रबरं गळायला लागतात, हे खरं आहे का?

काही प्रमाणात खरं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज ६) डिझेल मिळतं आणि त्यातल्या गंधकाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग, आहे. त्याआधी ती ५० पीपीएम होती, त्याच्याही आधी कितीतरी जास्त. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले रबर फुगवणारे घटकही कमी होतात. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमधे फुगून बसलेलं रबर थोडं आकसू शकतं आणि सांधा ओला दिसायला लागतो. उपाय सोपा आहे, सगळी जुनी रबरं आणि नळ्या एकदाच बदला.

किती किलोमीटरला बदलायचा?

गाडीच्या पुस्तिकेत आकडा असतो, तो कमाल समजा. चिऱ्यांच्या आणि खडीच्या कामावरच्या गाडीचा मी त्याच्या आधीच बदलतो. शिवाय किलोमीटर काही झाले तरी वर्षातून एकदा, पाऊस उघडल्यावर. पाणी मात्र पावसाळ्यात रोज आणि एरवी आठवड्यातून एकदा काढायचं.

स्वस्तातला फिल्टर घेतला तर काय बिघडतं?

मी दोन वर्षांपूर्वी असाच एक बसवला होता. दिसायला सेम टू सेम, डबाही तसाच. दीड महिन्यात गाडी ओढेना. कापून बघितला तर आतला कागद एका बाजूला चिकटवलेलाच नव्हता, डिझेल सरळ त्या फटीतून जात होतं. पंपाच्या दुरुस्तीत किती गेले ते त्या गाडीच्या मालकाला विचारू नका. बिल देणाऱ्या दुकानातून घ्या आणि घेताना आटे, रबर आणि कडेची घडी बोट फिरवून बघा.

जुना फिल्टर आणि सांडलेलं डिझेल कुठे टाकायचं?

व्हाळात (ओढ्यात) नाही, बांधावर नाही, विहिरीच्या वरच्या अंगाला तर नाहीच. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतून पाणी झपाट्याने झिरपतं, आज गाडीखाली ओतलेलं डिझेल उद्या शेजारच्या विहिरीवर तवंग होऊन येतं. फिल्टर भांड्यावर उपडा ठेवून एक दिवस निथळू द्या. निथळलेलं डिझेल आणि डबा, दोन्ही जळकं तेल जमा करणाऱ्या गॅरेजमधे द्या. सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाका आणि भरून घ्या.

घाटातच बंद पडली तर?

बेळगावहून भाजी घेऊन येणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला रात्री दोन वाजता अनमोड घाटात मी फोनवरून फिल्टर बदलायला लावला आहे. त्याच्याकडे सामान होतं म्हणून ते जमलं. दुसऱ्या वेळी त्याच वळणावर सामान नसलेला एक जण सकाळपर्यंत बसून राहिला.

सीटखाली एक पिशवी ठेवा. नवीन फिल्टर, त्याचं जादा रबर, चार तांब्याचे वॉशर, एअर स्क्रूच्या मापाचा पाना, पट्टा पाना, काचपेपरची पट्टी, टॉर्च आणि दोन धुतलेली फडकी. गाडी वळणावर न ठेवता शक्य तितकी डोंगराच्या बाजूला घ्या, मागे पन्नास-साठ पावलांवर त्रिकोण ठेवा, चाकाला दगड लावा आणि मगच खाली वाका. आणि हो, ही पिशवी पावसात भिजणार नाही अशी बांधून ठेवा, ओल्या पिशवीत नवीन फिल्टरही आतून गंजतो.